सिम्मानाचे बारा दिवस

१० नोव्हेंबर, शुक्रवार

— आणि वर मलाच ऐकवतो! "ताई, घर आहे की मांजरांचं गोदाम?" अरे मेल्या, दोन तर आहेत! शौकी धाकटा भाऊ म्हणून ऐकून घेते. दर शुक्रवारी नमाज आटोपून जेवायला येतो, माशाचा भात दोनदा घेतो आणि जाताना हुकूम सोडतो — वास मारतो, हाकलून दे त्यांना. वास मांजरांचा नाही, माझा आहे. शुक्रवार सोडून रोज सकाळी सातपासून दुपारच्या असरच्या बांगेपर्यंत मी मासे भाजायच्या भट्टीच्या दुकानात लोकांचे मासे साफ करते. इतकी वर्षं यानं कधी नाकाला रुमाल लावला नाही. आत्ताच काय झालं?

२८ नोव्हेंबर, मंगळवार

फिल्फिल, माझा बोका, नावांच्या कारखान्यामागे सापडला तेव्हा नुकते डोळे उघडले होते. बाटलीनं दूध पाजलं. तो कुणाकडेही जातो, निर्लज्ज! गॅसवाला सिलिंडर ठेवायला वाकला तर त्याच्या पाठीवर चढला.

सिम्माना वेगळी. सापडली तेव्हाच तीन महिन्यांची होती, जाळ्यातल्या लावी पक्ष्यासारखी दबून बसायची, म्हणून लावीचंच नाव ठेवलं. माझा अंगठा हाडापर्यंत चावली. आता माझ्याच पोटावर झोपते. पण जिन्यात परका पाय वाजला की झालं! सिलिंडरच्या मागे. फिस्कारते, थरथरते, एकदा तर तिथंच मुतली.

समोरची उम्म वहीद, वहीदची आई, म्हणाली, "मारतेस की काय गं तिला?"

मला असा राग आला! पोटच्यासारखं खाऊ घालायचं आणि पाहुण्यांसमोर या मांजरीनं मला कसाई ठरवायचं.

१५ डिसेंबर, शुक्रवार

उम्म वहीद हट्टाला पेटली. "बघतेच कशी येत नाही ती!" रोज संध्याकाळी येऊन बसली. मांजरीकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, फक्त सार्डिनचं डोकं चपलेजवळ ठेवायचं. (डोकी मीच आणायची, हे वेगळं सांगायला नको.) पाचव्या दिवशी नुसते कान दिसले. नवव्या दिवशी नाक. बाराव्या दिवशी आली, डोकं उचललं, चप्पल हुंगली आणि पायाला अंग घासलं. उम्म वहीद रडली, वेडी!

दुसऱ्या दिवशी उम्म वहीदची बहीण आली — सिम्माना परत सिलिंडरमागे.

म्हणजे एकावर विश्वास बसला म्हणून दुसऱ्यावर बसत नाही. प्रत्येक माणसाचं नव्यानं सुरू. लहानपणी माणसाचा हात लागला नाही की असं होतं. बरोबरच आहे तिचं. मी माणसांवर भराभर विश्वास टाकला, काय मिळालं?

शौकी आज जेवताना म्हणाला, त्याच्या तामेरसाठी शहराच्या टोकाला अगामीला फ्लॅट बघतोय. दोन वर्षं पोराचा साखरपुडा होऊन बसलाय. फ्लॅट नाही तर लग्न नाही, मुलीची आई हटून बसलीय. बसणारच! मी असते तर मीही बसले असते.

४ जानेवारी, गुरुवार

सिम्माना जेवत नाही. पोट मात्र टम्म!

१७ जानेवारी, बुधवार

पाऊस, वारा, बोटी बंद. मासेच नाहीत तर साफ काय करायचे? मालकानं उद्याही येऊ नको म्हटलं. शौकीचा फोन आला, "ताई, उद्या दुकानात आहेस ना?" नाही म्हटलं. मग म्हणे, "मग उद्या नको, शुक्रवारीच येतो." उद्या गुरुवार. गुरुवारी तो कधी येतो का? डोकं ठिकाणावर नाही त्याचं, पोराच्या लग्नाची काळजी असेल म्हटलं.

२६ जानेवारी, शुक्रवार

घाईत लिहितेय, अक्षर वाचता आलं नाही तर न येवो.

शौकी आज तामेरच्या होणाऱ्या सासूला घेऊन आला, उम्म नेरमीनला. दारातूनच, "ताई, पहिल्यांदाच येतायत हं, चहा कडक कर!" ती बाई चारीकडे बघत म्हणते, "माशाल्ला! घर इतकं हवेशीर असेल असं वाटलं नव्हतं."

मी ट्रे घेऊन वळले. सिम्माना सिलिंडरमागे नव्हतीच. शेपूट उभी करून तरातरा आली, त्या बाईच्या घोट्याला डोकं घासलं, पुढचे पाय तिच्या गुडघ्यावर टेकले आणि पर्सकडे बघून ओरडली — दे म्हणून!

बाईचा हात आपोआप पर्सकडे गेला. मग थांबला.

मी शौकीकडे पाहिलं. तो हसला. "मांजरांना काय गं, सगळे सारखेच."

"हिला नाहीत."

"ताई, चहा गार होतोय."

उम्म वहीदला बारा दिवस लागले, तेही शेजारीण असून. या बाईला किती लागले असतील? मी दुकानात मासे खरवडत होते आणि या बाईसाहेब इथे बसून माझ्या मांजरीला खाऊ घालत होत्या! घराची किल्ली शौकीकडे आहेच. अब्बा न्हाणीघरात पडले तेव्हा मीच दिली होती, अडीनडीला असावी म्हणून. अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली, परत मागायचं सुचलंही नाही.

ते गेल्यावर खिडकीपाशी गेले. चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा. दोन्ही खोल्यांत, वर, खाली. आमच्याकडे पडदे मुलीकडचे करतात.

अगामीला फ्लॅट! मांजरांचा वास!

उम्म वहीदला सांगितलं. ती म्हणाली, "बाई गं, भाऊ आहे, पुसून टाक मनातून." खुणा पुसता येतील. पुसणार नाही.

२७ जानेवारी, शनिवार

हे पान फाडून शौकीच्या हातात द्यायचंय, म्हणून नीट लिहिते.

शौकी, कुलूप बदललं. अब्बांच्या घरात वारसाहक्कानं मुलगा म्हणून तुझे दोन वाटे, माझा एक. तो एक सोडल्याची माझी सही घ्यायला तू येणारच होतास, मला ठाऊक आहे. ये. पण आधी एक सांग. पडद्यांची मापं झाली, खोल्या ठरल्या. लग्नानंतर मी झोपायचं कुठे ठरवलं होतंस? गुरुवारी असरच्या बांगेआधी दुकानात येऊन उत्तर दे. तुझ्या तोंडानं, बायकोला पाठवून नव्हे.