पुढच्या रांगेतले दात

३ जानेवारी २०२४, बुधवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटं.
मोरीत उभा राहून दात घासत होतो. घड्याळ लावून, आठ मिनिटं. आधी लिंबू चोळलं, मग दात पांढरे करणारी पेस्ट. दिवाळीपासूनची ही तिसरी नळी. खोक्यावरची दातांच्या छटांची पट्टी कापून आरशाला चिकटवली आहे. मी चौथ्या छटेवर. पहिलीवर यायचं आहे.
माय म्हणाली, "दात हायेत का तांब्याचा हंडा? किती घासशील रं!"
तिला चिकलठाण्याची वरात माहीत नाही. व्हिडिओवाल्यानं माझं तोंड मोठ्या पडद्यावर धरलं आणि नवरीकडचा एकजण ओरडला, "क्लॅरिनेटवाल्याच्या दाताला गंज चढला बघा!" सगळी वरात हसली. गावच्या बोअरच्या पाण्याचे डाग आहेत. गुटखा जन्मात खाल्ला नाही. कुणाकुणाला सांगणार.
आमच्या बँडचे मालक बाबूउस्ताद एवढंच बोलले, "सामने खडा रहनेवाला आदमी साफ दिसला पाहिजे, बेटा." १६ फेब्रुवारीला मोठी वरात. पुढं मी की बँडमधला दुसरा क्लॅरिनेटवाला नंदू, ते अजून ठरायचंय.
उस्तादांनी दिलेलं क्लॅरिनेटचं माउथपीसही पेस्टनं घासून ठेवलं. रोज घासतो. तोंडात जाणारी वस्तू.

१५ जाने., सोम. संक्रांत.
तिळाची वडी उजव्या सुळ्याला लागली आणि कळ थेट डोळ्यात. गार पाणीही लागतं. औषध लागू पडतंय म्हणून असेल. खोक्यावर तसं काही लिहिलेलं नाही.
दिवसातून चार वेळा चालू. जास्त कडक ब्रश आणला.

२८ जाने., रवि.
छटा तीनदा बघितली. दारात, खिडकीत, बल्बखाली. दात पांढरे नाहीत. पिवळे झालेत. आता सहावी छटा. इतकं घासून?
म्हणजे मळ खोल असणार. अजून दाबून घासायला हवं.

६ फेब्रु., मंगळ.
गारखेड्याच्या शेडमध्ये तालीम. सूर चिरकला. तीनदा. नंदू म्हणाला, "पाव्हणं, बदक पाळलं व्हय?"
वरचे दात माउथपीसवर टेकवले की कळ येते, म्हणून जबडा सैल पडतो. पण तेवढंच नव्हतं. उस्तादांनी माउथपीसवरची वेताची पत्ती बदलली, स्वतः फुंकून बघितलं. तरी चिरका. मग माउथपीस उजेडात धरून टोकावरून नख फिरवलं. बराच वेळ.
"इसको क्या लगाया रे?"
"पेस्ट. दाताची."
"कब से?"
"दिवाळीपासून. रोज."
"अब्बांनी वाजवलं, मग मी वाजवलं. नुसतं फडक्यानं पुसलं आम्ही. इसकी धार खा गया तू." मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "और येच दाताला घासतो?"
हो म्हणालो. कुणी हसलं नाही. नंदूसुद्धा.

९ फेब्रु., शुक्र.
दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी हातात आरसा दिला. हिरडीपाशी खाचा. नख अडकतं. चार दातांना.
"पिवळं दिसतं तो मळ नाही. वरचा पांढरा थर झिजला, आतला भाग दिसायला लागला. जेवढं घासाल तेवढं पिवळं."
थर परत कधी येतो?
"येत नाही."
आणि बोअरचे डाग?
"ते दात तयार होतानाच आत बसलेत. घासून निघणारे नाहीत. आधी लिंबू, वर खरखरीत पेस्ट, कडक ब्रश, चार वेळा. हे सांगितलं कुणी?"
कुणीच नाही. वेळापत्रक मीच आखलं होतं. घरी येऊन परत वाचलं. अक्षर चांगलं आहे. एकही दिवस चुकलेला नाही.

१३ फेब्रु., मंगळ.
उस्तादांची माफी मागितली. ते पत्त्या निवडत बसले होते. वर न बघता म्हणाले, "दात लगाच मत. वरचा ओठ आत मोड, माउथपीस त्याच्यावर टेकव. अब्बाचे दात पडले तवा असंच वाजवायचे ते."
त्यांचे अब्बा तेव्हा म्हातारे असतील. मी तेवीस.
दुसरं माउथपीस लावून वाजवलं. कळ नाही. सूर मऊ, पण चार मिनिटांत ओठ थरथरायला लागला. वरात दोन तासांची.
निघताना नंदू म्हणाला, "मिठाच्या पाण्यानं शेक ओठ. मला फुकटात पुढं जायचं नाय."

१५ फेब्रु., गुरु. सकाळी ५.४०
मऊ ब्रश, साधी पेस्ट, दोन मिनिटं. उजवा हात आपोआप जोर लावतो म्हणून डाव्यानं घासले. आरशावरची पट्टी काढली. डिंकाचा डाग राहिला. खरवडला नाही.
ओठ आज अकरा मिनिटं टिकला.
दहा वाजता उस्ताद ऐकणार. मग सांगणार, उद्या पुढं कोण. मायनं विचारलं, "गप का हायस?" म्हणालो, ओठ राखतोय.

खर्च: पेस्ट, नळ्या पाच ८५०. कडक ब्रश दोन ८०. तपासणी २००. एकूण रु. १,१३०.
देणं: चार खाचा भरायच्या, रु. २,४००.
उस्तादांच्या अब्बांचं माउथपीस. देण्यात लिहायला किंमत विचारली तर म्हणाले, "मत लिख." लिहिलं. आकड्याची जागा कोरी सोडली आहे.