मेंढ्यांच्या रक्ताचा निकाल

औरंगाबाद,
१२ फेब्रुवारी १९७८

सौ. साळूस रामकिसनकडून मायेचा निरोप.

मी बरा आहे. गुलमंडीजवळ कमरोद्दीनभाईच्या घरी उतरलोय, खाण्यापिण्याची आबाळ नाय. तुझा ताप उतरला का? आईचे गुडघे कसे आहेत?

मेंढ्यांचं रक्त काल तपासलं. जनावरांच्या डॉक्टरांनी एकेका थेंबात गुलाबी औषध मिसळलं. रोग असला की त्यात दाणे धरतात. चौदापैकी नऊ मेंढ्यांच्या रक्तात धरले. गाभडलेल्या सगळ्या त्यातच आहेत. त्या कळपातून काढाव्या लागतील.

डॉक्टरांनी विचारलं, "मेलेली कोकरं कुणी ओढून काढली?"

"माझ्या बायकोनं."

"तिला दिवस होते का?"

"व्हय. सातव्या महिन्यात पोर गेली."

ते म्हणाले, "हा रोग माणसालाही लागतो. तिलाही घेऊन या."

पुढच्या रविवारी तुला न्यायला येतो. तोवर व्यालेल्या मेंढीला हात लावू नको, दूध उकळूनच पी.

साळू, तुझ्या रक्तात काय निघायचं ते निघो, पोर गेली त्यात तुझा दोष नव्हता. आई तुला पांढऱ्या पायाची म्हणाली, तेव्हा मी तिथंच भाकरी खात बसलो होतो. आल्यावर आईला मीच सांगीन. तुला तोंड कसं दाखवू, ते मात्र कळत नाय.

तुझा,
रामकिसन