उपरण्याखालचा हात

४ मार्च १९७४, सोलापूर

एस.टी.नं अंग खिळखिळं केलं, पण पोहोचलो एकदाचा. पेढी पाहिली आणि शीण उतरला. दगडी बांधणी, सागवानी खांब, दर्शनी दालनात बसलिंगप्पा शेठजींची पांढरी गादी आणि तक्क्या, अजून जशीच्या तशी. एकेकाळी अख्ख्या पेठेचा चादरींचा व्यवहार या गादीवर चालायचा म्हणे. आता माल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून परस्पर ट्रकनं जातो. गल्लीत राहिलेत सायकलवाले आणि कुत्री.

शेठजी कधीच वारले. त्यांचा नातू चन्नवीर, म्हणजे माझा मालक, हुबळीला असतो. त्यानं मला कुलमुखत्यारपत्र देऊन धाडलंय. गिऱ्हाईक बघायचं, इमारत विकायची, सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. उभा जन्म लोकांच्या पेढ्यांवर मुनीमकी करण्यात गेला, आता हे शेवटचं काम. पाडव्याला नातेपुत्याला घरी, ते कायमचंच. बायकोला, रत्नम्माला, तसा शब्द दिलाय. लगेच कार्डही टाकलं. तिला वाचता येत नाही, शेजारचे मास्तर वाचून दाखवतात, त्यामुळे लाजेकाजेचं काही लिहायची सोय नाही.

७ मार्च

हाशमभाई दलाल गिऱ्हाईक घेऊन आले. मल्लप्पा नावाचा यंत्रमागवाला. इमारत पाडून लॉज बांधणार. भाव त्यानं चारचौघांत मोठ्यानं सांगितला. बटाटे घेतोय की पेढी, कळेना. पण पटला, आणि मी हो म्हणालो.

तो गेल्यावर म्हातारे हाशमभाई गादीकडे बघत बसले. म्हणाले, पूर्वी या पेठेत भाव कुणी तोंडानं बोलत नसे. दोघांनी समोरासमोर बसायचं, उपरण्याखाली हात घालायचे, बोटं धरून भाव ठरवायचा. अंगठा दाबला की होकार. हात आत असताना चकार शब्द काढायचा नाही, आणि दोघांचे हात सुटेपर्यंत उपरणं उचलायचं नाही. ज्यानं उचललं तो बाजारातून उठला. मला हे का नवीन आहे? आमची बोटं त्यातच झिजली.

मग त्यांनी शेठजींचं शेवटचं सांगितलं. मुलगा धंद्यात रमला नाही, म्हणून शेठजी हाशमभाईंना विनवत होते की माझ्यामागं या गादीवर तू बस. वचन उपरण्याखालीच मागितलं. हाशमभाई अंगठा दाबावा की नाही या विचारात असतानाच शेठजींचा हात गार पडला. हाशमभाई म्हणाले, “सौदा अर्धाच राह्यला की. मी हात काढून घेतला. शेठनं न्हाय काढला.”

मी चहा मागवला. जुन्या माणसांना दुःखं मोजायला आवडतात, दुसरं काय.

११ मार्च

ऊन नुसतं भाजतंय. जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, वर ताक. गादीवर जरा कलंडलो, हातावर उपरणं होतं. गुंगीत कुणाचा तरी हात आत आला. सवयीचा हात, जाड, कोरडा. त्यानं माझी बोटं धरली. मला वाटलं हाशमभाई थट्टा करतायत, किंवा काहीच वाटलं नसेल. झोपेत बैल घरची वाट धरतो तसा मी अंगठा दाबला.

डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

स्वतःलाच हसलो. वय झालं, सिद्धप्पा.

१४ मार्च

गादीवर बसायचं नाही असं ठरवलंय. आज दोनदा तिथंच बसलेला होतो. कधी येऊन बसलो ते आठवत नाही. भीती वाटते, लपवून काय उपयोग? नोंदणी सोमवारी, अठराला. तेवढी सही झाली की सुटलो.

१६ मार्च

गादीची खोळ गुंडाळून ठेवू म्हणून वाकलो. उपरणं खांद्यावरून उजव्या हातावर घसरलं आणि आतून त्यानं हात धरला. सोडत नाही. सकाळपासून.

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर बघून शाळेतल्या मास्तरांनी छडी मारली असती.

उपरणं ओढून फेकलं की झालं. कळतं सगळं. डावा हात तिथवर जातो आणि थांबतो. कधीच उचललं नाही मी, कुणासमोरही नाही. आणि खाली काय दिसेल –

१७ मार्च

हाशमभाई आले. बोलायला गेलो, आवाजच फुटत नाही. हात आत असताना बोलायचं नसतं, खरंच आहे. कालपर्यंतची पानं त्यांच्यापुढे सरकवली, खुणेनं विनवलं, तुम्ही उचला. त्यांनी वाचलं. दारापर्यंत मागं सरले. “मी येकदा हात सोडवून घेतलाय सिद्धप्पा, परत त्या हातापाशी नगं.” रडत होते. नातेपुत्याला तार करतो म्हणाले.

तार नको. रत्नम्माला नको –

१८ मार्च

मल्लप्पा गाडी घेऊन आला. सहीला उजवा हात लागतो. बसलोय तसाच. मला वेड लागलंय म्हणाला, गेला. इमारत आता विकली जात नाही. शेठजींना तेच हवं होतं.

घरी जायचंय. एवढंच. घरी जायचंय मला.

१९ मार्च

बांगड्यांचा आवाज. रत्नम्मा. दारात उभी, हातात डबा. अवो, काय झालं तुमाला, म्हणते. मी मान हलवतोय. येऊ नको. बोलता येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून वही तिच्यापुढे धरली: हात आत घालू नकोस. तिनं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वाचता कुठं येतं तिला –

समोर बसली. डोळे पुसले. उपरण्याखाली हात घातला.

म्हणते, किती गार पडलाय ओ तुमचा हात. ऊब यावी म्हणून चोळतेय. अंगठा दाबून दाबून चोळतेय –

रत्नम्मा, तो माझा नाही. माझा सुटलाय. बघ, हे मी उजव्या हातानं लिहि –