आईचे शंभरापैकी सहा

अलेक्झांड्रिया,
११ नोव्हेंबर

प्रिय नस्रीदादा,

तुला आणि क्लेअरवहिनीला सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही दोघी इकडे छान आहोत. (आई समोर मादाम कातिनाकडे गेली आहे म्हणून ‘छान’ लिहायला धजले. ती घरात असती तर ‘दिवस ढकलतोय’ असं लिहावं लागलं असतं.)

परवा फोनवर तू रडत होतास, तेव्हा काही समजावणं शक्य नव्हतं. म्हणून हे पत्र. आईला आनंदीपणात शंभरापैकी सहा गुण पडले, हे खरं आहे. मनानं समाधानी असलेली म्हातारी माणसं जास्त जगतात, असं डॉक्टर म्हणतात, तेही खरंच असेल. पण या दोन गोष्टी जोडून तू तिला जानेवारीत कायमची माँट्रियलला नेणार म्हणतोस, तेव्हा ते सहा गुण कसे पडले तेवढं ऐकून घे.

तू ज्या पाहणीत आईचं नाव घातलंस, त्या पाहणीची डॉक्टरीण, शिरीन तिचं नाव, गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी आली. गोड मुलगी आहे. आई त्या वेळी कातिनाबरोबर पत्ते खेळत होती. सलग तीन डाव जिंकून ‘अगं, तुझ्यापेक्षा तुझं मांजर बरं खेळेल’ असं तिला सुनावत होती. दारात कागद घेतलेली परकी मुलगी दिसली मात्र, पत्ते उशीखाली गेले, शाल डोक्यावर आली आणि आवाज निम्म्यावर उतरला. गेल्या आठवड्यात किती आनंद वाटला, शून्य ते दहा सांगा, असं शिरीननं विचारलं. आई म्हणाली, ‘शून्याच्या खाली काही नसतं का गं तुमच्यात?’ भूक कशी आहे? ‘चिमणीएवढी.’ (सकाळी दोन ताटल्या फूल, ती आपली तेलातली कडधान्याची उसळ, खाल्लं होतं, वर कच्चा कांदा.) हसता का? ‘हसायला दात कुठायत?’ कातिना मागे कशी राहील? ती म्हणाली, ‘हिला शून्य दिलंत, मग मला काय द्याल?’ सहा गुण पडले ते केवळ आईनं देवाला दोष द्यायचं नाकारलं म्हणून.

दादा, हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं तर चाललं असतं, पण तुला कळायला हवं होतं. नवा फ्रीज आला तेव्हा आईनं तो जुन्या गोधडीत गुंडाळून जिना चढवला आणि दुरुस्तीहून आलाय म्हणून सांगितलं. तू इंजिनिअरिंगला पहिला आलास तर हिनं जिनाभर ‘कसाबसा पास झाला’ म्हणून शोक केला. आणि तू लहानपणी इतका गोरागोमटा होतास की नजर लागू नये म्हणून मावशीच्या मुलीचा फ्रॉक घालून, ‘भिकाऱ्या’ म्हणून हाक मारत तुला चार वर्षं वाढवलं. (तो फोटो माझ्याकडे आहे. वहिनींना अजून पाठवलेला नाही.) त्या बाईला तू परक्या माणसासमोर मोठ्यानं ‘मी सुखी आहे’ म्हणायला लावतोस?

तुझ्या आग्रहाखातर मी तिला त्या आनंदवर्गालाही नेलं. एक उत्साही बाई फुगे घेऊन उभी होती. तिनं वीस म्हाताऱ्यांना उभं केलं आणि म्हणाली, सगळ्यांनी एकदम म्हणा, मी आनंदी आहे, मी शंभर वर्षं जगणार आहे! वीस हात गळ्यातले नजरेचे निळे मणी चाचपायला लागले. एक आजोबा काठी न घेता बाहेर पडले. आई घरी आली ती थेट अंथरुणात. रक्तदाब वाढला, तीन दिवस जेवली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. शेवटी कातिनानं नजर उतरवायला कागदाची बाहुली कापली, वर्गातल्या एकेकाचं नाव घेत सुईनं टोचली आणि तुरटीबरोबर जाळली. एकदा टोचताना तुझंही नाव घेतलं. वाईट वाटून घेऊ नकोस, माझं तुझ्या आधी घेतलं होतं. चौथ्या दिवशी आईनं उठून वांगी तळली आणि मीठ जास्त पडलं म्हणून मला बोलली.

परवा शिरीन पुन्हा आली. आपल्या गल्लीत पंच्याऐंशीच्या वरचे अकरा जण आहेत आणि सगळ्यांचे गुण दहाच्या आत. म्हणाली, ‘मावशी, माझ्या तक्त्याप्रमाणे ही गल्ली कधीच रिकामी व्हायला हवी होती.’ मी तिला नजरेचं सांगायला लागले, तर तिनं कॉलर बाजूला करून स्वतःचा मणी दाखवला. ‘मला माहीत आहे हो. माझी आजीही अशीच. पण फॉर्म बाहेरून आलाय, त्यात त्याला रकाना नाही.’

तेव्हा दादा, आईचं सुख असं आहे: रोज दहा वाजता कॉफी घेऊन कोणाचं दुखणं मोठं, यावर कातिनाशी भांडायचं. माँट्रियलला बर्फात खिडकीशी बसून ती कोणाशी भांडेल? वहिनी तर इतक्या सभ्य आहेत. तिथं आई वर्षभर टिकायची नाही. तिकीट काढू नकोस.

तुझी बहीण,
ओदेत

ता. क. आई आत्ताच आली. म्हणते, लिही, माझं काही खरं नाही, त्याला म्हणावं मला न्यायला नको, भेटायला ये, दोन महिने राहा. तिनं तुझ्या खोलीतले पडदे कालच धुवून टाकलेत.

ता. क. दुसरा: वर मी एक खोटं लिहिलं आहे, आणि शाळेत सिस्टरनी शिकवलेलं इतक्या वर्षांनीही पुसलं जात नाही. आई माँट्रियललाही टिकेल. आठ दिवसांत भांडायला कोणीतरी शोधेल आणि शंभरी गाठेल. शिरीनकडे एक फॉर्म उरला होता, तो तिनं माझा भरला. मी चौसष्टची आहे, पाहणीत बसते. मी दहापैकी नऊ सांगितले. कशामुळे, असं तिनं विचारलं, तेव्हा आतून आई ओरडत होती की ओदेत, दूध उतू चाललंय, मेलीस का? मी नुसतं तिकडे बोट दाखवलं. ते नऊ तिच्याबरोबर विमानात बसतील, दादा. हे वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस.