उजव्या दाराचा मान

४ मे, पहाटेच्या नमाजानंतर
निश्चय केला. जपानहून जुनी गाडी मागवायची. स्वतः. दलाल नाही.
मोह म्हणून नव्हे, हे इथे लिहून ठेवतो. अल्लाहला ठाऊक आहेच. आईला खिंडीपलीकडे तिच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचं आहे. भेट होऊन अकरा वर्षं झाली. मावशी चौऱ्याऐंशीची. खिंड कालच उघडली. ऑक्टोबर संपता संपता बर्फाने पुन्हा बंद होईल. गाडी जुलैत येते. म्हणजे वेळ उरतोच.
मेहुणा तोकतोबेक म्हणाला, "दाजी, माझी गाडी दारात उभी आहे. उद्याच नेतो आईंना." त्याच्या गाडीचं मागचं दार दोरीने बांधलेलं असतं. नम्रपणे नकार दिला.

११ मे
नियम वाचून काढले. सोपे आहेत. लोक उगाच घाबरतात.
शुल्क दोन गोष्टींवर. इंजिन केवढं आणि गाडीचं वय किती. पाच वर्षांच्या आत असेल तर एक दर, वर गेली की दुसरा, तो भलताच. त्याखेरीज लिलावाची फी, जहाज, बंदर, रेल्वे, गोदाम, कागदपत्रं. एकूण बारा ओळी. तेरावी अगदी बारीक अक्षरात होती आणि चष्मा खोगिराच्या पिशवीत राहिला होता. महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात छापलं असतं.
मी गावाचा पाटकरी. पंचवीस वर्षं शेताशेताला पाण्याच्या पाळ्या वाटतो. बारा ओळींचा हिशोब मला जड नाही.

२९ मे
गाडी घेतली! सात सीटांची, चंदेरी. चार वर्षं नऊ महिने. म्हणजे तीन महिने हातात. जहाजाला दीड पुरे. अशी वेळ साधायला डोकं लागतं.
लिलावाच्या कागदावर गाडीचं चित्र आहे. दारांवर, बंपरवर, छतावर, सगळीकडे 'ए' लिहिलंय. सर्वांगाने पहिल्या वर्गाची गाडी.
दोन घोड्या विकल्या. बायको बुरुलकान म्हणाली, "घोडीला कधी कागद लागला नाही हो." बायकांना दूरचं दिसत नाही.

१९ जून
फाटक अरुंद पडेल म्हणून एक खांब पाडला. नवी टोपी घेतली. जुनी विटलीच होती, गाडीशी संबंध नाही.

३ जुलै
आज येसेनबाय आजोबांना शब्द दिला. गावात सगळ्यांत थोरले, शहाऐंशी वर्षांचे. म्हटलं, गाडी आली की पहिला आशीर्वाद तुमचा, मानाच्या जागेवर बसून. खूश झाले. विचारलं, "कधी?" म्हटलं, पंधरा दिवसांत.

२२ ऑगस्ट
गाडी बंदरात आहे. रांगेत तिच्यापुढे चारशे गाड्या आहेत म्हणे. २० ऑगस्टला, बंदराच्या गोदामातच, ती पाच वर्षांची झाली. शुल्क दुसऱ्या दराने लागलं. वय वाढलं यात तिचा काय दोष? आपलंही वाढतं.
कालवड विकली.
तोकतोबेकने पुन्हा विचारलं. आई नुसती खिंडीकडे बघत ताक घुसळत राहिली. मी म्हटलं, आई, तुझ्या बहिणीच्या अंगणात तू दोरीच्या दारातून उतरणार का? ती म्हणाली, "मी खिडकीतूनही उतरेन रे."
थट्टेचा स्वभाव आहे तिचा.

१४ सप्टेंबर
आली! राजधानीच्या गोदामातून स्वतः चालवत आणली. दहा दिवसांचा तात्पुरता परवाना मिळालाय.
स्टिअरिंग उजवीकडे, आपल्याकडच्या गाड्यांसारखं डावीकडे नाही, म्हणून पुढच्या गाडीला मागे टाकायचं झालं की बाहेर झुकून बघायला तोकतोबेक डावीकडे लागतो. सवय होईल. 'ए' म्हणजे ओरखडा, असं गोदामवाल्याने सांगितलं. एकूण अकरा आहेत. जपान्यांचा प्रामाणिकपणा बघा, स्वतःहून लिहितात.
एक गोष्ट मनाला फार भावली. किल्ली फिरवली की आतून एक बाई मृदू आवाजात काहीतरी म्हणते. प्रवासाची दुवा असणार. परक्या धर्माची असली तरी चांगली गोष्ट. मी प्रत्येक वेळी "वालेकुम सलाम" म्हणतो.

१५ सप्टेंबर
तोकतोबेक सकाळपासून मागे लागला, "दाजी, आधी तालुक्याला जाऊन नोंदणी करू, आशीर्वादाचा मेंढा संध्याकाळी कापू. काहीतरी शेवटची तारीख आहे म्हणतात." मी म्हटलं, आधी आशीर्वाद, मग कागद. तरी त्याच्या समाधानासाठी दुपारी दोनला निघायचं ठरवलं.
दीड वाजता येसेनबाय आजोबा आले. मानाची जागा म्हणजे पुढे, उजवीकडे. जन्मभर ते त्याच दाराने चढत आलेत. उजवं दार उघडलं आणि बसले. थेट स्टिअरिंगपुढे.
अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली.
आजोबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि म्हणाले, "वा! म्हाताऱ्याला धरायला काठी दिलीय. वडीलधाऱ्यांचा मान राखणारे लोक आहेत."
आता बसलेल्या थोरल्याला मानाच्या जागेवरून ऊठ कोण म्हणणार? मी बुरुलकानकडे पाहिलं, तिने तोकतोबेककडे, त्याने आभाळाकडे. शेवटी मटण गाडीतच नेऊन दिलं. आजोबांनी सावकाश खाल्लं, चहा घेतला, बाईचा आवाज दोनदा ऐकला, मग तिथेच डोळा लागला. जागे झाले तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. आशीर्वाद मात्र लांबलचक दिला.
नोंदणी उद्या. एका दिवसाने काय बिघडतं?

१६ सप्टेंबर
तेरावी ओळ आज वाचली. चष्मा होता.
उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांची नोंद १५ सप्टेंबरपर्यंतच. नोंदणी कचेरीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, कालपर्यंत चालत होतं." मी आजोबा नाही. पन्नाशीलाही दोन वर्षं आहेत.
स्टिअरिंग डावीकडे बसवून आणलं तर नोंद होईल. सोपं आहे.

२८ सप्टेंबर
स्टिअरिंग फिरवणारा मिस्त्री राजधानीत. तात्पुरता परवाना संपला, नंबर नाही म्हणून गाडी चालवत नेता येत नाही, ट्रकवर चढवून न्यावी लागेल. त्याची रांग जानेवारीपर्यंत. नाव लिहून ठेवलं.
येसेनबाय आजोबा रोज दुपारी येऊन गाडीत बसतात. आत ऊब असते, म्हणतात. गाडी रिकामी नाही, हे चांगलंच.

९ ऑक्टोबर
तोकतोबेकने चौथ्यांदा विचारलं. म्हटलं, घाई नको, यंदा बर्फ उशिरा आहे. माझी पोटरी सांगते.

२३ ऑक्टोबर
पहाटे नमाजाला उठलो तर आईचं अंथरूण घडी घातलेलं. बुरुलकान चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तोकतोबेक घेऊन गेला. तुम्हाला सांगितलं असतं तर अजून एक योजना ऐकावी लागली असती."
दुपारी आईचा फोन. मागे दोघी बहिणी एकाच वेळी बोलत होत्या, कुणाचंच कळेना. आई म्हणाली, बर्फ सुरू झालंय, खिंड बंद केली, आता मी मेपर्यंत इथेच. आवाज मुलीसारखा झाला होता. मग हळूच म्हणाली, "दोरी चांगली होती रे. दार एकदाही उघडलं नाही."
डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर होता.
भूगोलाच्या बाईंची मुलगी जपानला शिकून आलीय. तिला आज गाडीतली बाई ऐकवली. म्हणाली, दुवा नाही काका, ती म्हणते, कार्ड घातलेलं नाही. टोलचं कसलंसं. म्हणजे पहिल्या दिवसापासून ती सांगत होती, काहीतरी कागद कमी आहे. मी सलाम करत होतो.
संध्याकाळी बर्फ अंगणात उतरलं. येसेनबाय आजोबा आपल्या जागेवर होतेच. मी डावीकडे, आपल्याकडे चालक बसतो त्या जागेवर, शेजारी जाऊन बसलो. समोरच्या काचेवर बर्फ साचत गेलं, काही दिसेना. आजोबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "रस्ता निसरडा झालाय. सावकाश चालव."
मी हो म्हटलं.