रोबोच्या हाताला माझं वळण

३ मार्च, सोमवार
आनंदाची बातमी. नात लॅबमध्ये रोबो करते, म्हणजे नुसते दोन हात, धड नाही की डोकं नाही. त्याला कपड्यांच्या घड्या शिकवायच्यात. आपण तारांचे हातमोजे घालून घडी घालायची, ते बघून तो शिकतो. मुरलेल्या हाताची बाई हवी म्हणाली. मी लगेच उठले. तर म्हणे दुसऱ्या आजीला विचारलंय. म्हणजे सुनेची आई, आमच्या विहीणबाई. मोतीबिंदू काढायला आल्या होत्या. मोतीबिंदू गेला, त्या आहेतच.
मला काही वाटलं नाही. जेवले नाही ते पोट जड होतं म्हणून.

४ मार्च
यंत्रांचं मला पहिल्यापासून कौतुक. आमचे हे कारखान्यात होते तेव्हा पहिला लोखंडी हात आला. जनावरासारखा पिंजऱ्यात ठेवायचे. पाठ केलेलं तेवढंच करायचा, पत्रा बोटभर सरकला की हवेतच वेल्डिंग. पुढे मुलगा तिथे लागला तेव्हा त्याला कॅमेरा बसवला, मग पत्रा दिसायला लागला. आता नातीचा नुसता बघून शिकतो, आणि पिंजरा नाही, माणसांत बसतो. ह्यांचा मात्र त्या हातावर भारी जळफळाट. साहेब पाहुण्यांना घेऊन त्याच्याशेजारी फोटो काढायचे, ह्यांच्याशेजारी कधी नाही. मला बाई तसला स्वभाव नाही.

६ मार्च
लॅबमध्ये गेले. विहीणबाईंना सोबत हवी, असं मी ठरवलं. त्या म्हणाल्या नको, तरी गेले. बाई घडी घालतात की पुडी बांधतात कळत नाही. नात सारखी वा वा करत होती. तिचे शाळेचे कपडे इतकी वर्षं मी आवरले, तेव्हा वा कुठे गेलं होतं कोण जाणे.
उद्यापासून त्यांच्याबद्दल एक शब्द लिहायचा नाही.

१० मार्च
विहीणबाईंचा खांदा आखडला. मला फार वाईट वाटलं. मग मोजे घातले.
नात म्हणाली, आजी, तुझा हात किती भरभर चालतो. हे लिहून ठेवते. मध्येच तिला फोन आला. समोर विहीणबाईंच्या घड्यांचा ढीग, बाह्या बाहेर लोंबतायत. बघवेना. एक शर्ट उलगडला, नीट घडी घातली. मग दुसरा. मग म्हटलं राहिलेल्यांनी काय पाप केलंय. मोजे हातात घातलेलेच होते, पण ते शिकवणं नव्हे, ते आपलं सहज.

१४ मार्च, शुक्रवार
उद्या कंपनीची माणसं बघायला येणार. त्यांना पटलं तर नातीचं काम पुढे चालणार, नाहीतर गुंडाळणार. पोरगी नखं खातेय. दोघींचं शिकवणं एकत्र केलंय म्हणाली, कुणाचा हात त्याच्यात उतरेल सांगता येत नाही. मी सांगू शकते, पण विचारलं नाही.

१५ मार्च, शनिवार, दुपारी
रोबोने शर्ट उचलला. सुरेख घडी घातली. विहीणबाईंची होती, मी चष्मा पुसायला घेतला. मग थोडं थांबून त्याने ती उलगडली आणि परत घातली. ही माझी. शेजारी बसलेल्या कंपनीच्या साहेबांना कोपराने ढोसून सांगितलं, हा हात माझा. तेवढ्यात तीही उलगडली. परत घातली. परत उलगडली. पाहुण्यांचा चहा झाला तरी तोच शर्ट. साहेबांनी मला विचारलं, आजी, दुसरा शर्ट कधी घेतो हा. विहीणबाई छताकडे बघत होत्या.

१६ मार्च, रविवार
कंपनीने आणखी एक संधी दिली. माझं शिकवलेलं सगळं पुसलं, आता विहीणबाई एकट्याच. नात हे फार गोड आवाजात बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, चांगलं झालं, मला तरी कुठे सवड आहे.
संध्याकाळी पलंगावर नातीचा कुडता होता, विहीणबाईंनी घडी घालून ठेवलेला. चांगली होती घडी. नुसता कपाटात ठेवायचा होता. उलगडला. घडी घातली. कोपरा जरा तिरका वाटला, म्हणून परत.
दारात नात कधीची उभी होती. म्हणाली, आजी, तू अगदी त्याच्यासारखं करतेस.