चुकीच्या बाजूचा भांग

अण्णा,

तुमच्या हिरोचे टी-शर्ट निघालेत. टी-शर्ट म्हणजे बाहेर घालायचा बनियनच, छातीवर काहीतरी छापलेला. तुमची नात ते करून विकते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, ती झाली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकावर ‘लई भारी’, एकावर मिलचा भोंगा, एकावर शेंगाचटणीची वाटी, आणि सगळ्यांत जास्त खपतो तो तुमचा हिरो. पुण्याला नोकरीला गेलेली इथली पोरं एकमेकांना वाढदिवसाला देतात. त्यांतल्या एकानंही भोंगा ऐकलेला नाही, पण गहिवर असा की विचारू नका. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘‘बनियन घालून बाजारात हिंडत्यात व्हय?’’

मी मॅट्रिक झाले त्या सालची गोष्ट. दुष्काळ नुकता सरला होता. मोडनिंबचं कोरडं रान सोडून आलेल्या आपल्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. तुम्ही चादरीच्या कारखान्यात नक्षी उतरवायला होता. चौकटीच्या कागदावर फूल काढायचं, त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या मागावर चढवल्या की ते फूल चादरीत विणून यायचं. माझ्या वहीत सिनेमाच्या गाण्याच्या चोपडीतून कापलेला हिरोचा फोटो तुम्हाला सापडला तेव्हा मला वाटलं, आता काही खरं नाही. तुम्ही तो उजेडात धरून बघितला, खिशात घातला आणि कामावर गेलात. मी दोन दिवस तुमच्यासमोर आले नाही.

आणि तुम्ही जेवणाच्या सुट्टीत, एका हातात भाकरी धरून, दुसऱ्या हातानं चौकटी भरताय. मी पाहिलेलं नाही हे, आईनं सांगितलेलं, पण मला दिसतं. मालकाला विचारून उरलंसुरलं निळं-पांढरं सूत घेतलंत. शेजारच्या मागावरचे तेलुगू मामा थट्टा करायचे, म्हातारपणी सिनेमाचं वेड लागलं म्हणून. हातभर तुकडा विणून झाला. आईनं त्याची शबनम पिशवी शिवली, आतून पिवळं अस्तर लावलं. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही ती माझ्या खांद्याला अडकवलीत आणि दोन पावलं मागं सरून बघत राहिलात. ‘‘दुकानात मिळायची न्हाय अशी,’’ म्हणालात.

खरंच मिळाली नसती. त्याचा भांग चुकीच्या बाजूला होता. गालावरचा तीळही. मागावर कापडाची सुलटी बाजू खाली असते, वरून दिसतं ते उलटं. पण तुम्ही जन्मभर फुलं काढलीत, मोरांच्या जोड्या काढल्यात, डावीकडं एक तर उजवीकडं एक. त्यात उलटं काय नि सुलटं काय. माणसाचा चेहरा तुम्ही पहिल्यांदाच विणला, आणि तो आरशातला निघाला. तुमच्या ते कधीच लक्षात आलं नाही.

कॉलेजातल्या पोरींच्या मात्र पहिल्याच तासाला आलं. ‘‘अगं, ह्याचा भांग बघ की! हा तर डुप्लिकेट!’’ एकीनं विचारलं, कुठून घेतलीस? माझे वडील विणतात, एवढं साधं वाक्य होतं. मी म्हणाले, ‘‘जत्रेतनं. स्वस्तात मिळाली.’’ मधल्या सुट्टीत लेडीज रूममध्ये जाऊन वह्या बाहेर काढल्या, पिशवी उलटी केली, पिवळं अस्तर वर आणलं आणि पुन्हा वह्या भरल्या. हिरो आत गेला. त्यानंतर तीन वर्षं तो आतच होता.

घरी येताना पिशवी पुन्हा सुलटी करायची हे मी रोज लक्षात ठेवायचे. एकदा विसरले. तुम्ही दारातच चहा पीत बसला होता.

‘‘उलटी का गं केलीस पिशवी?’’

‘‘मळेल म्हणून,’’ मी म्हणाले. किती पटकन सुचलं बघा.

तुम्ही बशी खाली ठेवलीत. मला वाटलं, कळलं तुम्हाला. तुम्ही आत वळून आईला हाक मारलीत. ‘‘ऐकलंस का? मळंल म्हून उलटी करून घेती. लई जपती बग.’’ मग मला म्हणालात, ‘‘दुसरी करून देतो की. ही बिनघोर वापर.’’ मी म्हणाले, ‘‘नको, अण्णा. एकच बास.’’ आणि त्याचाही तुम्हाला अभिमान वाटला. त्या दिवसापासून मला पिशवी परत सुलटी करायचीही गरज उरली नाही. तुमच्या डोळ्यांदेखत उलटीच अडकवून निघायचे.

तुम्ही गेलात त्या वर्षी मी बी.ए.ला होते. दहाव्याला तेलुगू मामा आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘रोज सांगायचा मला. पोरगी माझी पिशवी मळू नये म्हणून उलटी घेते. रोज!’’ बायका डोळ्यांना पदर लावून माझ्याकडं बघत होत्या. मीही रडले. सगळ्यांना वाटलं, बापासाठी रडते.

मग ती गोष्ट घरातलीच झाली. आईनं ती माझ्या लेकीला झोपवताना सांगितली. लेकीनं मोठी झाल्यावर ट्रंकेतून पिशवी शोधून काढली आणि हिरो जसाच्या तसा छापला. मी तिला म्हटलं, भांग तरी नीट कर, हल्ली कॉम्प्युटरवर होतं म्हणे. ती हसली. ‘‘आई, भांग चुकलाय म्हणून तर लोक घेतात.’’ प्रत्येक टी-शर्टला ती एक चिठ्ठी बांधते, छापील, सुतळीनं. ‘आजोबांनी विणून दिलेली ही पिशवी आई इतकी जपायची, की मळू नये म्हणून उलटी करून वापरायची.’ गिऱ्हाईकं ती वाचतात आणि माझ्याकडं बघतात. एक मुलगी परवा माझ्या पाया पडली, अण्णा. मी पाय मागं घेतले नाहीत.

आज चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा छापायला जायचाय. सकाळी लेक कच्चा कागद माझ्यापुढं ठेवून गेली, संध्याकाळी विचारेल, बरोबर आहे ना. एरवी मी ‘आहे’ म्हणते. आज पेन घेऊन ‘इतकी जपायची, की’वर रेघ मारली, ‘मळू नये म्हणून’वर मारली, आणि वर लिहिलं, ‘लाज वाटली म्हणून.’ अक्षर वाईट आलंय, पण वाचता येईल. ती आल्यावर काय तोंड दाखवायचं ते अजून ठरवलेलं नाही. तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं म्हणून हे लिहायला बसले. हे कुठं टपालात टाकायचं नाहीच आहे. घडी करून पिशवीतच ठेवीन, हिरोपाशी.

एक राहिलं. भांग चुकलाय हे त्या पोरी हसेपर्यंत मलाही दिसलं नव्हतं. आदल्या दुपारी तुम्ही कामावर परत गेलात, आणि मी ती पिशवी खांद्याला लावून घरातल्या घरात हिंडत होते, चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. आई म्हणाली, बास आता, झिजंल. अण्णा, मला ती लई आवडली होती. तुम्हाला म्हणालेच नाही.